चीनचे विद्यापीठ कोणासाठी उघडले?



चीनमध्ये आधुनिक उच्च शिक्षणाचा आरंभ कसा झाला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. चीनविषयी विद्वानांत एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. ती अशी की, त्या देशात अधिकार जन्मावर मिळत नसे, परीक्षेवर मिळत असे. शेतकऱ्याचा मुलगादेखील ग्रंथ मुखोद्गत करून मंत्रिपदापर्यंत जाऊ शकत असे. या समजुतीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मी वकिलीचा धंदा करणारा मनुष्य आहे. कायद्याचे पुस्तक हाती आले म्हणजे तो कायदा कोणाला काय देतो हे पाहण्याआधी तो कोणाला वगळतो हे पाहण्याची मला सवय जडली आहे. त्याच नजरेने मी चीनच्या जुन्या परीक्षेकडे आणि नव्या विद्यापीठाकडे पाहणार आहे.

ही राजपरीक्षा सुमारे तेराशे वर्षे चालली. शेवटच्या मांचू राजवटीत तिच्या तीन मुख्य पायऱ्या होत्या. पहिली जिल्ह्याच्या ठिकाणी, दुसरी प्रांताच्या राजधानीत आणि तिसरी पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला. प्रांताची आणि पेकिंगची परीक्षा साधारणतः तीन वर्षांतून एकदा होई. नानकिंग येथील परीक्षेच्या आवारात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. एकेका कोठडीत एकेक उमेदवार अंथरूण, शिधा आणि शाई-कुंचला घेऊन कोंडून घेई व तेथेच लिही, तेथेच शिजवून खाई आणि तेथेच निजे. अखेरच्या पायरीवर साऱ्या देशातून सुमारे तीनशे माणसे उत्तीर्ण होत. विषय म्हणाल तर कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ आणि त्यांवर ठराविक आठ भागांत बसवलेला निबंध. गणित, भूगोल, रसायन, परदेशांचा इतिहास यांची ओळख नसलेला मनुष्य त्या परीक्षेच्या बळावर प्रांताचा कारभार पाही.

आता या परीक्षेला बसण्याचा हक्क कोणाला होता ते पाहू. उमेदवाराला पहिल्याच पायरीवर जामीनदार द्यावा लागे. सरकारी वेतन मिळवणारा एखादा जुना पदवीधर लिहून देई की, या मुलाचे कूळ स्वच्छ आहे; याच्या तीन पिढ्यांत कोणी गुलाम, नट, वेश्या किंवा कचेरीतील प्यादा झालेला नाही. ज्यांच्या घराण्यात असा धंदा होता ती माणसे हलकी ठरत. काही जमाती तर सरसकट हलक्या गणलेल्या होत्या. शान्सी प्रांतातील वाजंत्र्यांची कुळे, चेच्यांग प्रांतातील ‘तोमिन’ म्हणवले जाणारे लोक, दक्षिणेत नावेवरच जन्मणारे आणि नावेवरच मरणारे तांका लोक, यांना परीक्षेचा दरवाजा बंद होता.

युंग-चंग बादशहाने 1723 पासून काही वर्षांत फर्माने काढून यांपैकी अनेकांना हलक्या वर्गातून मुक्त केले. कागदावर ही मोठी गोष्ट होती. पण 1771 मध्ये पुढच्या बादशहाच्या दरबारापुढे प्रश्न आला की, या मुक्त झालेल्यांच्या मुलांना परीक्षेला बसू द्यावे काय? दरबाराने उत्तर दिले की, ज्या दिवशी त्या माणसाने जुना धंदा सोडल्याची सरकारदरबारी नोंद केली, त्या दिवसापासून चौथ्या पिढीला बसू द्यावे. आणि तेही जवळचे भाऊबंद स्वच्छ राहिले असतील तरच. म्हणजे नोंद करणाऱ्याने स्वतः पाहायचे नाही, मुलानेही पाहायचे नाही, नातवानेही पाहायचे नाही. कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने किती लांबणीवर टाकता येते, याचा इतका स्वच्छ नमुना माझ्या वाचनात दुसरा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर असा निर्णय घेण्याचीही गरज कोणाला भासली नाही. स्त्री परीक्षेला बसेल ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

या व्यवस्थेला पहिला धक्का तोफांनी दिला. 1842 मध्ये इंग्रजांनी आणि 1860 मध्ये इंग्रज व फ्रेंचांनी मिळून चीनचा पराभव केला. त्यानंतर परराष्ट्रांशी बोलायचे तर त्यांची भाषा जाणणारी आपली माणसे पाहिजेत, हे दरबाराला उमगले आणि 1862 मध्ये पेकिंगला ‘तुंगवन क्वान’ ही भाषांची शाळा निघाली. आरंभी इंग्रजी वर्गात दहा मुले होती, आणि तीही मांचू पलटणींच्या घरची. पाच वर्षांनी तेथे ज्योतिष आणि गणित शिकवण्याचा व त्यासाठी जुन्या पदवीधरांना प्रवेश देण्याचा विचार निघाला, तेव्हा मोठे वादळ उठले. वो-रन नावाच्या वृद्ध विद्वान मंत्र्याने बादशहाकडे अर्ज केला की, राज्य नीतीवर चालते, गणितावर नव्हे. आणि रानटी लोकांना गुरू करणे ही नामुष्की आहे. राजपुत्र कुंग याने त्यावर मोठी चलाखी केली. परकीयांवाचून हे विषय शिकवू शकतील असे स्वदेशी शिक्षक वो-रन यांना ठाऊक असतील, तर त्यांनीच ते सुचवावेत व शाळा काढावी, असा हुकूम त्याने मिळवला. वो-रन यांना एकही नाव देता आले नाही.

याच सुमाराची एक हकिकत आमच्या धंद्यातील असल्यामुळे सांगतो. पुढे या शाळेचा मुख्य झालेला अमेरिकन पाद्री मार्टिन याने व्हीटनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. ते 1864 मध्ये छापले गेले. त्याच वर्षी प्रशियाच्या वकिलाच्या जहाजाने चीनच्या बंदराजवळ डेन्मार्कची व्यापारी गलबते पकडली, कारण युरोपात त्या दोन देशांचे युद्ध चालू होते. चिनी अधिकाऱ्यांनी मार्टिनच्या हस्तलिखितातील कलमांचा आधार घेऊन हरकत घेतली की, हे पाणी आमचे आहे. येथे तुमचे युद्ध चालणार नाही. प्रशियाच्या वकिलाला माघार घेऊन भरपाई द्यावी लागली. त्यानंतर दरबाराने त्या पुस्तकाच्या तीनशे प्रती प्रांतोप्रांती वाटण्यासाठी घेतल्या. ज्याचे पुस्तक त्याच्यापुढेच ठेवून हक्क मागण्याचा हा मार्ग किती उपयोगी आहे, हे त्यांना एका खटल्यात कळले.

नवे शिक्षण आरंभी कोणी घेतले? बहुधा ज्यांना जुने परवडत नव्हते त्यांनी. येन फू यांचे उदाहरण घ्या. वडील वारल्यामुळे परीक्षेच्या तयारीचा खर्च करणे त्यांच्या घराला अशक्य झाले. म्हणून ते फूचौ येथील जहाजबांधणीच्या कारखान्याला जोडलेल्या नौकाशाळेत गेले. कारण तेथे जेवण फुकट मिळे आणि वर महिन्याला थोडे वेतन. पुढे ते इंग्लंडला ग्रीनिचच्या नाविक महाविद्यालयात शिकून आले, परंतु स्वदेशी त्यांना विचारतो कोण? आठ भागांचा निबंध लिहिणारा मोठा. नौकानयन जाणणारा हा कारागीर. शेवटी या माणसाने, इंग्लंडहून परत आल्यावर, प्रांतिक परीक्षा चार वेळा दिली आणि तो चारही वेळा नापास झाला. 1895 मध्ये जपानकडून चीनचा पराभव झाल्यावर त्यांनी वृत्तपत्रात जळजळीत लेख लिहिले आणि त्यांत या परीक्षेवर थेट हल्ला केला. हक्स्ले, मिल, मोंतेस्क्यू यांचे ग्रंथ चिनी भाषेत आणले ते यांनीच. हे नाव आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

जपानकडून झालेला तो पराभव फार झोंबला. ज्या जपानने शतकानुशतके चीनपासून विद्या घेतली होती, त्याने तीस वर्षांत नव्या शाळा काढून गुरूला लोळवले. त्याच वर्षी त्येन्त्सिन येथे आणि पुढल्या वर्षी शांघाय येथे नव्या धर्तीची उच्च विद्यालये निघाली. 1898 च्या उन्हाळ्यात तरुण बादशहाने शंभर दिवस सुधारणांची फर्माने काढली. त्यांत पेकिंगला राजधानीचे विश्वविद्यालय काढण्याचे फर्मान होते. सप्टेंबरमध्ये राजमाता त्सु-शी हिने सत्ता हाती घेऊन बादशहाला नजरकैदेत टाकले, सहा सुधारकांची मुंडकी उडवली आणि बहुतेक सर्व फर्माने रद्द केली. विश्वविद्यालय तेवढे उरले, आणि वर्ष संपता संपता एका जुन्या राजकन्येच्या वाड्यात सुरूही झाले. पण दोनच वर्षांनी बॉक्सरांचे बंड आले व विद्यालय बंद पडले. त्या वेळी त्याचा कारभार पाहणारे मंत्री श्यू चिंग-छंग यांनी परकीय वकिलातींवर हल्ला करणे चूक आहे असे दरबारात सांगितले, आणि त्या बोलण्याबद्दल जुलै 1900 मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. 1902 मध्ये विश्वविद्यालय पुन्हा उघडले आणि जुना तुंगवन क्वान त्यात विलीन झाला.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी या सभेला विशेष लागेल. इतक्या शाळांना इमारती आणि पैसा आणायचा कोठून? चांग चि-तुंग या बड्या सुभेदाराने 1898 मध्ये एक पुस्तक लिहून उपाय सुचवला की, देशातील बौद्ध व ताओ विहारांपैकी दहांतील सात शाळांसाठी घ्यावेत आणि तीन भिक्षूंना ठेवावेत. त्याची योजना जशीच्या तशी अमलात आली नाही. पण पुढील वर्षांत ठिकठिकाणचे विहार आणि त्यांच्या जमिनी शाळांकडे गेल्या. यात अन्याय झाला काय? झाला. ज्यांची मालमत्ता गेली त्यांना कोणी विचारले नाही. परंतु दुसरी बाजूही बोलली पाहिजे. त्या काळच्या पुष्कळ विहारांत मृतांसाठी पाठ म्हणून दक्षिणा घेण्यापलीकडे विद्येचे काही उरले नव्हते. विद्या न देणाऱ्या विहारावर शाळेसाठी हक्क सांगितला गेला, तेव्हा समाजातून त्याच्या बाजूने बोलणारे फारसे कोणी निघाले नाही.

या आपत्तीतून एक चांगले काम निपजले. नानकिंग येथे यांग वेन-हुई नावाचे एक बौद्ध उपासक होते. भिक्षू नव्हे, गृहस्थ. त्यांनी 1866 पासून ग्रंथ छापण्याचे काम चालवले होते. सिंहलद्वीपाचे अनागारिक धर्मपाल 1893 मध्ये शांघायला आले तेव्हा त्यांची व यांग यांची भेट झाली होती. भगवान बुद्धांच्या भूमीत धम्म पुन्हा न्यायचा, तर ते काम करणारी शिकलेली माणसे हवीत, हे यांग यांच्या मनाने घेतले. 1908 मध्ये त्यांनी भिक्षू आणि गृहस्थ दोघांसाठी एक विद्यालय काढले. त्याला नाव दिले जेतवन. बौद्ध ग्रंथांबरोबर तेथे इंग्रजीही शिकवीत. पैशाअभावी ते फार दिवस टिकले नाही. पण तेथे शिकलेल्या ताइ-श्यू या तरुण भिक्षूने 1922 मध्ये वूचांग येथे बौद्ध विद्यालय काढून भिक्षूंच्या शिक्षणाला नवे वळण दिले.

मूळ विषयाकडे येऊ. 1904 च्या शिक्षण-नियमांनी जपानच्या नमुन्यावर प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतची पायरी आखली. विद्यापीठात आठ शाखा. त्यांत पहिले स्थान अजून जुन्या धर्मग्रंथांनाच! मुलींविषयी सांगितले होते की, त्यांचे शिक्षण घरात व्हावे. सप्टेंबर 1905 मध्ये मात्र फर्मान निघाले की, पुढील वर्षापासून राजपरीक्षा बंद. तेराशे वर्षांचा दरवाजा एका कागदाने मिटला.

जुने मोडले म्हणजे न्याय झाला असे मानण्याची घाई आपण करू नये. शान्सी प्रांतातील ल्यू ता-फंग या जुन्या पदवीधराची रोजनिशी प्रसिद्ध झालेली आहे. गावोगावच्या शिक्षकांची उपजीविका एका दिवसात कशी गेली, याचे दुःख तिच्यात आहे. त्यांच्याविषयी मला फार कळवळा येतो असे नाही, कारण त्या पदवीनेच इतरांच्या कुळांची चौकशी केली होती. तरीही एक गोष्ट खरी. जुन्या परीक्षेसाठी चार पुस्तके आणि गावचा पंतोजी पुरे. नव्या शाळा शहरांत होत्या. तेथे फी, वसतिगृह आणि प्रवासखर्च. जामीनदाराचा दाखला गेला, आणि त्याच्या जागी पैशाची थैली आली.

विश्वविद्यालयाच्या आतही जुनाच वारा वाहत होता. विद्यार्थ्यांत पुष्कळसे अधिकारी असत. नोकर त्यांना ‘सरकार’ म्हणून संबोधत. कवायतीच्या वेळी ‘सरकार, सावधान उभे राहावे’ असे विनवून सांगावे लागे, अशी आठवण सांगतात. 1912 मध्ये प्रजासत्ताक आले, संस्थेचे नाव पेकिंग विद्यापीठ झाले आणि पहिले अध्यक्ष झाले ते चार वेळा नापास झालेले येन फू. धर्मग्रंथांची शाखा गेली. परंतु पदवी म्हणजे नोकरीचा परवाना, ही समजूत गेली नाही.

ती बदलण्याचा खरा प्रयत्न जानेवारी 1917 मध्ये आलेल्या त्साइ युआन-पै यांनी केला. हे गृहस्थ जुन्या परीक्षेच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचलेले. पुढे क्रांतिकारक झाले. चाळिशीत जर्मनीला जाऊन लाइपझिगच्या बाकांवर बसले. आणि प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्रीही झाले. त्यांचे गाव शाओशिंग. मघाशी सांगितलेल्या तोमिन लोकांची मोठी वस्ती त्याच मुलखात. अध्यक्ष म्हणून ते पहिल्या दिवशी आले तेव्हा नोकर रांगेने वाकून उभे होते. त्साइ यांनी टोपी काढली आणि उलट वाकून त्यांना नमस्कार केला, असे त्या वेळच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे. पहिल्याच भाषणात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, विद्यापीठ हे विद्येचा शोध घेण्याचे ठिकाण आहे; ज्याला अधिकारी व्हायचे असेल किंवा पैसा मिळवायचा असेल त्याच्यासाठी इतर शाळा आहेत.

शिक्षक नेमताना त्यांनी मत पाहिले नाही, योग्यता पाहिली. क्रांतिकारी छन तू-श्यू यांना त्यांनी साहित्य शाखेचे प्रमुख केले आणि शेंडी न कापलेल्या, बादशहाचे गोडवे गाणाऱ्या कू हुंग-मिंग यांनाही ठेवले. ल्यांग शू-मिंग या तरुणाने कोणत्याही विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. बौद्ध विचारावरील त्याचा एक निबंध वाचून त्याला भारतीय तत्त्वज्ञान शिकवण्यास बोलावले. पंचविशी ओलांडलेले हू शी अमेरिकेतून थेट प्राध्यापक म्हणून आले. हे कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांचे शिष्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 तेथेच शिकत होते आणि ड्यूई यांना गुरू मानीत, हे आपणास ठाऊकच आहे. ते ड्यूई 1919 मध्ये चीनला आले आणि दोन वर्षांहून अधिक काळ प्रांतोप्रांती व्याख्याने देत हिंडले. हू शी अनेक ठिकाणी त्यांचे दुभाषे होते.

पण याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात 1918 च्या हिवाळ्यात महिना आठ युआनवर काम करणारा एक खेडवळ मदतनीस होता. मोठे विद्वान वाचायला येत, तो त्यांच्याशी बोलू पाही, आणि ते न ऐकताच निघून जात. पुढे त्याने स्वतःच ही हकिकत सांगितली. त्याचे नाव माओ त्से-तुंग. टोपी काढून नमस्कार करणारा अध्यक्ष एक असतो. बाकीचे विद्यापीठ लगेच त्याच्यासारखे होत नाही.

4 मे 1919 रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. पॅरिसच्या तहात शांतुंगमधील जर्मनांचे हक्क चीनला परत न मिळता जपानला दिले गेले, याचा तो निषेध होता. विद्यार्थी पकडले गेले. ते सुटल्यावर त्साइ राजीनामा देऊन राजधानी सोडून गेले. त्याच महिन्यात दूर कान्सू प्रांतातून तंग छुन-लान नावाच्या तरुण स्त्रीने त्यांना पत्र लिहिले की, विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश द्यावा. पत्र पोहोचले तेव्हा ते घ्यायला अध्यक्ष जागेवर नव्हते. पण ती थांबली नाही. पत्र वृत्तपत्रांत छापून आले आणि ती स्वतः पेकिंगला निघून आली.

त्साइ परत आल्यावर त्यांना या प्रश्नावर विचारले गेले. त्यांचे उत्तर प्रत्येक वकिलाने अभ्यासावे असे आहे. ते म्हणाले की, विद्यापीठाच्या नियमांत विद्यार्थी पुरुषच असावा असे कोठेही लिहिलेले नाही. निवडणुकीच्या कायद्यात मतदार पुरुष असावा असे लिहिले आहे, तसे येथे नाही. मनाईच नाही, तर मनाई उठवण्याचा प्रश्न येतोच कोठे? पूर्वी स्त्रिया मागणी करीत नव्हत्या म्हणून नव्हत्या. आता त्या येतात, त्यांची तयारीही पुरेशी आहे, तेव्हा नकार देण्यास कारण नाही. जुन्या परीक्षेत स्त्रियांना वगळणारे कलम लिहिण्याची गरज कोणाला भासली नव्हती, असे मी मघाशी म्हणालो. नव्या नियमांतही ते लिहायचे राहून गेले होते. वगळणाऱ्यांच्या त्या बेफिकिरीचाच त्साइ यांनी आधार केला. आणि ‘लिहिलेले नाही, पण चालतही नाही’ ही जी रूढीची भाषा कचेऱ्यांतून ऐकू येते, तिला त्यांनी एका वाक्याने निरुत्तर केले. अर्थात, ते वाक्य उच्चारण्याची वेळ आली ती कोणीतरी दार ठोठावले म्हणून.

फेब्रुवारी 1920 मध्ये वांग लान ही पहिली विद्यार्थिनी वर्गात बसली. थोड्याच दिवसांत तंग छुन-लानसह त्यांची संख्या नऊ झाली. प्रवेशपरीक्षेची वेळ टळून गेली होती म्हणून त्यांना श्रोत्या विद्यार्थिनी म्हणून घेतले. त्याच वर्षीच्या पुढील परीक्षेपासून रीतसर प्रवेश मिळू लागला. शिक्षणखात्याने मध्येच पत्र पाठवले की, राष्ट्रीय संस्थेकडे साऱ्या समाजाचे डोळे असतात, तरी या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगावी. बंद करा असे लिहिण्याचे धैर्य खात्याला झाले नाही. कारण लिहायचे तर कलम दाखवावे लागले असते.

आता राहिले ते दारावरचे नोकर. एप्रिल 1918 मध्येच त्साइ यांनी विद्यापीठातील शिपाई व कामगारांसाठी रात्रीचा वर्ग सुरू केला होता, आणि विद्यार्थीच त्यांना शिकवीत. 18 जानेवारी 1920 रोजी विद्यार्थ्यांनी आसपासच्या गरीब वस्तीसाठीही रात्रशाळा उघडली. त्या दिवशीच्या भाषणात त्साइ यांनी एका पाटीची आठवण सांगितली. विद्यापीठाच्या फाटकावर पूर्वी एक फलक टांगलेला असे. जुन्या कचेऱ्यांच्या दारावर वाघाचे तोंड काढलेली पाटी असते तसा तो लोकांना वाटे. तो पाहून शेजारची माणसे समजत की, आत विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनीच जायचे, आपण नव्हे. त्साइ यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की, तो फलक आता काढून टाकला आहे. त्यानंतर मुलांना आणि मोठ्यांना वर्गात नेऊन बसवण्यात आले.